तळघरातल्या सात बशा

सुनेचा पाय मुरगळला नसता तर पाणीसाहेब त्या वायनरीच्या फाटकातून कधी आत गेले असते, असं वाटत नाही.

चौतीस वर्षं त्यांनी शहराच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या प्रयोगशाळेत काढली होती. पदाचं नाव लांबलचक होतं, पण काम एका ओळीचं. शहराला जाणाऱ्या पाण्याचा वास घ्यायचा, चव घ्यायची आणि 'काही नाही' असं लिहून सही करायची. यंत्रं होतीच, पण यंत्राला जे कळत नाही ते नाकाला कळतं असं तिथले जुने लोक मानत, आणि पाणीसाहेबांचं नाक तर खात्यात गाजलेलं. नळाचा ग्लास नाकाशी धरून, पाणी आज कुठल्या टाकीतून सोडलंय ते सांगायचे. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी गल्ली त्यांना पाणीसाहेबच म्हणायची. बायको म्हणायची, "जन्मभर नाकानं कांदे सोलले आणि सरकारनं त्याचा पगार दिला. असं नशीब पाहिजे."

सून वायनरीत चाखणीची प्रमुख होती. कुठल्या पिंपातली वाइन कधी काढायची, कशात मिसळायची, बाटलीत कधी भरायची, हे सगळं तिच्या जिभेवर ठरायचं. पाणीसाहेबांना त्यात वावगं काही वाटत नव्हतं आणि त्यातलं समजतही काही नव्हतं. स्वतः त्यांनी जन्मात थेंब घेतला नव्हता. त्यामागे तत्त्व वगैरे काही नाही. नाक आणि जीभ कामासाठी जपायची म्हणून अत्तर नाही, तंबाखू नाही, दारू नाही, आणि पुढे तीच सवय होऊन बसली. मुलगा जहाजावर इंजिनियर होता. सहा महिने घरी, सहा महिने समुद्रावर, आणि सध्या समुद्रावर होता. त्यामुळे जिन्याची शेवटची पायरी चुकून सुनेचा घोटा सुजला आणि डॉक्टरांनी तीन आठवडे गाडीला हात लावायचा नाही म्हणून बजावलं, तेव्हा पाणीसाहेब म्हणाले, "मी सोडतो तुला."

"बाबा, अर्धा तास लागतो जायला. तिथं दिवसभर काय कराल?"

"पेपर वाचीन. इथं तरी दुसरं काय करतो?"

"एवढं खरं बोललात आज," बायको आतून म्हणाली.

दोन दिवस त्यांनी गाडीत बसून पेपर वाचला, छोट्या जाहिरातींसकट. तिसऱ्या दिवशी ऊन असं तापलं की गाडीचा टप गरम तव्यासारखा झाला. सुनेनं खिडकीतून हाक मारली आणि ते आत गेले.

चाखणीची खोली पाहून त्यांना एकदम घरी आल्यासारखं वाटलं. लांब पांढरं टेबल, उत्तरेची खिडकी, कोपऱ्यात बेसिन, भिंतीवर पाटी – 'अत्तर लावून आत येऊ नये.' ही तर त्यांचीच प्रयोगशाळा! तळघराचे मुकादम काचेच्या लांब नळीनं पिंपातले नमुने काढून आणत होते आणि सून एका पायावर भार देऊन एकेक ग्लास बघत होती. आधी पांढऱ्या कागदासमोर धरून रंग. मग ग्लास न हलवता वास. मग हलवून वास. मग घोट, तोंडात हवा ओढून सुर्रर्र असा आवाज, आणि शेवटी भांड्यात थुंकणं. त्या सुर्रर्रखेरीज सगळं पाणीसाहेबांनी हजारदा केलेलं होतं.

"ही कुठली?" त्यांनी विचारलं.

"शार्डोने. पांढरी वाइन." सुनेनं ग्लास त्यांच्यापुढे धरला. रंग वाळल्या गवतासारखा फिका पिवळा होता. "हे द्राक्ष तसं सोशिक, बाबा. स्वतःचा आवाज मोठा नाही. ज्या मातीत वाढतं, ज्या लाकडात मुरतं, त्याचं घेतं. चांगली उतरली की आधी हिरवं सफरचंद येतं, लिंबाची साल येते. तोंडात जरा थांबली की पिकलेल्या फळांकडे वळते. मग लोणी, भाजलेला पाव, ते ओकच्या पिंपामुळे. एकामागून एक येतात, घाईगर्दी नाही."

"आणि ही ह्या ग्लासातली?"

सून ग्लासाकडे बघत राहिली. मुकादम दुसरा नमुना आणायला खाली गेले होते. "ही गप्प आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "हिवाळ्यात बोलत होती. आता दोन महिने झाले, दोष कुठलाच नाही, पण फळ नाही, काही नाही. पुढच्या बुधवारी बाटल्या भरायच्या आहेत. कागदावर सही माझी लागते. आणि वाइन गप्प झालीये की माझं नाक गेलंय, हेच मला कळेनासं झालंय."

आता पाणीसाहेबांना उलगडा झाला. महिनाभर ही पोरगी स्वयंपाकघरात येता-जाता लिंबाची साल नखानं खरवडून हुंगायची. त्यांना वाटलं होतं, काही तरी नवीन खूळ असेल.

"आण इकडे."

त्यांनी तो ग्लास आपल्या जुन्या पद्धतीनं हाताळला. वर तळवा ठेवला, दोनदा फिरवला, तळवा उचलला आणि एकच आखूड श्वास घेतला. खाली ठेवला. खिडकीशी जाऊन बाहेरची हवा घेतली. परत आले आणि पुन्हा तसंच केलं.

"अगं, हिच्या तळाशी वास आहे."

"कसला?"

"ओल्या पुठ्ठ्याचा. पावसात भिजून खोलीत राहिलेल्या पोत्याचा. किंचित आहे, पण आहे."

सुनेनं ग्लास नाकाशी धरला. डोळे मिटले. बराच वेळ गेला. "नाही येत मला."

मुकादम वर आले, त्यांनीही वास घेतला आणि हसून म्हणाले, "काका, तो ओकचा वास असतो. पहिल्यांदा येणाऱ्यांना तसाच वाटतो."

पाणीसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या, पण इथं आपण पाहुणे आहोत हे आठवून त्यांनी ते गिळलं. संध्याकाळी सुनेनं गाडीत बसून पट्टा लावला. मग समोर रस्त्याकडे बघतच म्हणाली, "बाबा, बारा वर्षं करतेय मी हे काम."

"मी कुठं नाही म्हणतो?"

"नाही, तुम्ही तसं काही म्हणालाच नाहीत," ती म्हणाली.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "माणसानं दुसऱ्याच्या कामात नाक खुपसू नये. त्यातून तुमचं नाक म्हणजे काय विचारता!" पण दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, पाणीसाहेबांनी मुकादमांना गाठलं आणि तळघर दाखवा म्हणाले. मुकादम भला माणूस होता. त्याला आपलं तळघर दाखवायला आवडायचं.

बारा पायऱ्या होत्या. तिसऱ्या पायरीवरच वास आला, कालचाच, पण ग्लासापेक्षा दसपट. खाली दोन रांगांत चाळीस पिंपं होती, सिमेंटची फरशी आरशासारखी लख्ख. पार टोकाला गटाराच्या चरावर जुन्या लाकडी फळ्यांची वाट टाकलेली होती, तिला लागून लाकडाचीच मांडणी, दोन्ही ओलीनं काळी पडलेली. पाणीसाहेब तिकडे गेले, वाकले, फळीवर बोट फिरवून हुंगलं. मुकादम पिंपांचा इतिहास सांगत होते. दहा मिनिटांनी पाणीसाहेबांच्या लक्षात आलं की आता वास येत नाही. वास कुठं गेला नव्हता, त्यांचं नाक फितूर झालं होतं. जी माणसं दिवसाचे आठ तास इथं वावरतात त्यांना काय कपाळ कळणार!

"फरशी कशानं धुता हो?"

"ब्लीचिंगनं. हिवाळ्यात भिंतींना आणि फळ्यांना बुरशी धरली होती. तेव्हापासून दर आठवड्याला मी स्वतः घासून घेतो. बघा, ठिपका दिसतोय का कुठं?"

"ब्लीचिंग वापरा असं कुणी सांगितलं?"

"मॅडमनीच. म्हणाल्या, आमचे सासरे पाणीखात्यात होते, त्यांनी उपाय सांगितलाय." मुकादमांनी कौतुकानं मान हलवली. "अक्सीर निघाला, काका."

पाणीसाहेबांनी शेजारच्या पिंपावर हात टेकला. त्यांना ते जेवणाचं ताट आठवलं, समोर टीव्हीवर चाललेल्या बातम्या आठवल्या. सून विचारत होती, "बाबा, बुरशीला काय मारतं?" आणि बातम्यांवरची नजर न काढता ते म्हणाले होते, "ब्लीचिंग. दुसरं काय!" कुठली बुरशी, कुठं, आजूबाजूला काय आहे, काही म्हणून विचारलं नव्हतं. हाताखालच्या माणसांना चौतीस वर्षं त्यांनी एकच धडा दिला होता, की जागा पाहिल्याशिवाय औषध सांगायचं नाही. आणि हा वास त्यांना अनोळखीही नव्हता. खात्यात असताना एका टाकीच्या पाण्याला असाच कुबट वास यायचा. तीन आठवडे झगडल्यावर सापडलं, की टाकीचं झाकण लाकडी होतं. क्लोरीन आणि ओलं लाकूड एकत्र आलं आणि त्यात उरल्यासुरल्या बुरशीनं हात धुऊन घेतला, की असलं काही तरी तयार होतं. जीव जात नाही त्यानं कुणाचा. पण चव मरते.

त्या क्षणी वर जाऊन सांगता आलं असतं. पण सांगणार कशाच्या जोरावर? नाकाच्या? आणि खरं सांगायचं तर स्वतःच्या चुकीचा पुरावा स्वतःच गोळा करताना माणूस जरा हळूच चालतो. ते घरी गेले, पाणी उकळून गार केलं, डब्यात भरलं, आणि संध्याकाळी सुनेला आणायला जाताना बायकोच्या चांगल्या बशांतल्या सात बशा पेपरात गुंडाळून नेल्या.

"ह्या बशा कशाला?" मुकादमांनी विचारलं.

"पाण्याला वास पकडायची खोड असते. उघडं ठेवलं की शेजारचं घेतं. एक बशी जिन्याशी, मग रांगेनं एकेक, सातवी फळ्यांवर. शनिवार-रविवार बंद असतं ना तुमचं? राहू द्या. रविवारी दुपारी मी येतो."

मुकादमांना तो पोरखेळ वाटला, पण ते आवारातच राहत होते आणि वयाचा मान ठेवणारे होते. रविवारी त्यांनी कुलूप काढून दिलं. पाणीसाहेबांनी सातही बशांतलं पाणी सात बाटल्यांत भरून बुचं लावली आणि नंबर टाकले. शिवाय मुकादमांकडून दोन पिंपांतली शार्डोने दोन लहान बाटल्यांत मागून घेतली, एक जिन्याजवळच्या पिंपातली, एक फळ्यांजवळच्या.

सोमवारी सकाळी वायनरीच्या एक किलोमीटर अलीकडे त्यांनी गाडी रस्त्याच्या कडेला, एका झाडाखाली थांबवली.

"काय झालं? चाक बसलं का?"

"नाही. तू दोन दिवस त्या वासापासून लांब आहेस. तुझं नाक आत्ता ताजं आहे. आत पाय टाकलास की पुन्हा बधिर होईल." त्यांनी मागच्या सीटवरून खोका उचलून तिच्या मांडीवर ठेवला. "काही विचारू नकोस. हुंग आणि वेगळं वाटेल ते बाजूला काढ. नंबर बुडाशी आहेत, तू बघू नकोस, मीही बघत नाही."

सुनेनं काच खाली केली. एकेका बाटलीचं बूच काढून ती वास घेऊ लागली. चौथ्या बाटलीशी थबकली. सगळ्या झाल्यावर पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. शेवटी तीन बाटल्या तिनं डॅशबोर्डवर काढून ठेवल्या आणि बुचं लावून उलट्या केल्या. पाच, सहा, सात.

मग पाणीसाहेबांनी वाइनच्या दोन बाटल्या दिल्या. पहिली हुंगताच तिचे खांदे सैल पडले. दुसरी नाकाशी नेली आणि लगेच दूर केली.

"पुठ्ठा," ती म्हणाली. "ओला पुठ्ठा. बाबा, मला येतोय तो वास." तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज आनंदाचा होता. "म्हणजे गेलं नाहीये माझं नाक."

"तुझ्या नाकाला काय धाड भरलीये! तो वास तुमच्या अंगवळणी पडलाय, एवढंच." त्यांनी क्लोरीनची, लाकडाची, बुरशीची सगळी गोष्ट सांगितली. आणि शेवटी, स्टिअरिंगकडे बघत, "ते ब्लीचिंग मीच सांगितलं होतं तुला. जेवताना. न विचारता, न बघता."

"आठवतंय मला."

"मग त्या दिवशी मी ग्लास हुंगून शहाणपणा करत होतो, तेव्हा बोलली का नाहीस?"

"तेव्हा कुठं माहीत होतं मला की कारण ते आहे? आणि फळ्यांवर ओता असं तुम्ही म्हणाला नव्हतात. ते डोकं माझं." तिनं बुचं घट्ट लावली. "चला आता. मालकीणबाई नऊला येतात. कुणी दुसऱ्यानं सांगायच्या आत मीच सांगते."

मालकीणबाई साठीच्या, चष्मा गळ्यात दोरीला अडकवलेला, बोलायला तुटक. सुनेनं उभ्यानंच सगळं सांगितलं आणि म्हणाली की निर्णय तिचा होता. दारात उभे राहिलेले पाणीसाहेब लगेच पुढे झाले. "सल्ला माझा होता. तिनं माणसावर विश्वास ठेवला, आणि माणसानं टीव्हीवरची नजर काढली नाही." मुकादमांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "म्हणजे दर आठवड्याला मी माझ्या ह्या हातांनी..." आणि वाक्य तिथंच सोडलं.

"हात तुमचे, मुकादम, पण अक्कल माझी," पाणीसाहेब म्हणाले. "तुम्ही तर सांगितलं त्याहून चांगलं काम केलंत. तेच नडलं."

"अपराध वाटून घ्यायचं घरी गेल्यावर करा," मालकीणबाई म्हणाल्या. "किती पिंपं गेली?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. बाटल्या भरणं लांबवलं. चाळीसही पिंपांचे नमुने बाहेरच्या प्रयोगशाळेत गेले. दरम्यान सून आणि पाणीसाहेब रोज सकाळी तळघरात न उतरता, आवाराच्या बाहेर झाडाखाली टेबल मांडून तेच नमुने हुंगत. दोघं वेगवेगळ्या कागदांवर लिहीत आणि मग कागद पडताळत. तिसऱ्या दिवशी त्यांचे कागद जुळायला लागले. अहवाल आला तेव्हा त्यात अकरा पिंपं बाद होती. ह्या दोघांनी बारा काढली होती. बाराव्यावरून सून अहवालाशीही भांडली, तिची शंका खरी मानून ते पिंप मालकीणबाईंनी वेगळं ठेवायला लावलं.

फळ्या आणि मांडणी करवतीनं कापून बाहेर काढल्या, दूर नेल्या, त्यांच्या जागी लोखंडी जाळी बसली. ब्लीचिंगचे डबे हद्दपार झाले. फरशी आता मुकादम वाफेनं धुवत होते आणि धुऊन झालं की वर जाऊन अर्धा तास बाहेर बसून, पुन्हा खाली येऊन तिसऱ्या पायरीवर हुंगत होते. ही सवय त्यांनी आपली आपण लावून घेतली.

ती अकरा पिंपं सांडपाण्याच्या टाकीत रिकामी केली, त्या दिवशी सून तिथं उभी राहिली. काठी टेकत शेवटपर्यंत उभी राहिली. वर्षभराचं काम होतं ते, एका ओघळीतून निघून गेलं. पाणीसाहेबही तिच्या शेजारी होते. शेवटी म्हणाले, "बस जरा, पाय सुजेल."

"हो," ती म्हणाली, आणि त्यांचा हात धरून कठड्यावर बसली.

थोड्या वेळानं तीच उठली आणि जिन्याजवळच्या चार नंबरच्या पिंपातून दोन ग्लास भरून घेऊन आली. "बाबा, तुम्ही तीन आठवडे नुसतं हुंगताय. एकदा घोट घ्या. नको असेल तर थुंका."

पाणीसाहेबांनी ग्लास घेतला. सवयीप्रमाणे पहिल्या श्वासात त्यांनी दोष शोधला. सापडला नाही. 'काही नाही' असं म्हणायला त्यांनी तोंडही उघडलं होतं. आयुष्यभर तेवढंच म्हटल्यावर काम संपायचं, पाणी पास व्हायचं. पण इथं त्या 'काही नाही'च्या पलीकडून काही तरी येत होतं. त्यांनी घोट घेतला. आधी दाढेशी पाणी सुटावं असा आंबटपणा, कापलेल्या सफरचंदाचा. मग तो आंबटपणा गोलसर झाला, जिभेवर मऊ पसरला, आणि गिळल्यावर, हो, त्यांनी गिळला, बराच वेळ काही तरी मागे रेंगाळत राहिलं.

"काय वाटतं?" सुनेनं विचारलं.

"बोलतेय," ते म्हणाले. "मला भाषा येत नाही, पण बोलतेय एवढं खरं."

सून हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदाच मोकळी हसली.

बाटल्या महिनाभर उशिरा भरल्या गेल्या. सुनेचा पाय बरा झाला आणि ती पुन्हा स्वतःच गाडी चालवू लागली. मात्र महिन्यातून एकदा पाणीसाहेब तिच्याबरोबर जातात, बाहेरचं नाक म्हणून, आणि दुपारच्या आत परत येतात. मालकीणबाईंनी बाटलीच्या कागदावर त्यांचे आभार छापायची गोष्ट काढली होती. त्यांनी साफ नकार दिला. म्हणाले, "अकरा पिंपं कुणी घालवली तेही छापणार असाल तर छापा."

पहिली बाटली सुनेनं एका रविवारी दुपारी घरी उघडली. बायकोनं आधी बशांचा हिशेब मागितला. सातापैकी एकीचा कपचा उडाला होता. मग ती खुर्ची ओढून बसली आणि म्हणाली, "आणा बघू, एवढं काय आहे त्यात." एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "आंबट आहे."

"अगं, लगेच गिळू नकोस. तोंडात फिरव. जरा हवा ओढ," पाणीसाहेब म्हणाले, आणि तिला सुर्रर्र करून दाखवलं.

"शी! जेवायला बसून असले आवाज?"

"कर तर खरं."

तिनं दुसरा घोट घेतला. सुर्रर्र काही केलं नाही, पण तोंडात धरून ठेवला. खिडकीबाहेर बघत राहिली. मग म्हणाली, "आमच्या घरामागं नासपतीचं झाड होतं. माझी आई ती पिकायच्या आधीच उतरवून कपाटात कपड्यांमध्ये ठेवायची. आठ दिवसांनी कपाट उघडलं की असा वास यायचा."

सुनेनं ग्लास उचलून नाकाशी धरला. पाणीसाहेबांनीही धरला. दोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"नासपती," सून म्हणाली. "आहे की. आम्हा दोघांनाही नाही सापडली." आणि ती कागद-पेन्सिल शोधायला उठली.